पाटे वाढले, मर्यादा वाढली नाही

गाडी मागून बसते आहे, तर मागचे पाटे वाढवून घ्या. तालुक्याच्या बसस्थानकामागे असलेल्या कमानपाट्याच्या दुकानापासून पुण्या-मुंबईतल्या मोठ्या फोर बाय फोर वर्कशॉपपर्यंत हा सल्ला सारख्याच खात्रीने दिला जातो. त्यामागचे मत असे आहे. शहरातल्या गिऱ्हाइकाला गाडी मऊ वाटावी आणि खर्चही वाचावा म्हणून कंपनी मागची स्प्रिंग मुद्दाम कमजोर देते. लोड भरल्यावर गाडीचे बूड खाली जाते, हा त्या कमजोरीचा पुरावा. पाट्याच्या गाडीत एकदोन पाटे वाढवावेत, कॉइलच्या गाडीत जाड कॉइल बसवावी किंवा आत हवेची बॅग घालावी, आणि बूड वर आले की गाडी तो लोड पेलायला लायक झाली असे समजावे. कोणते किट घ्यावे याची शंका असेल तर सगळ्यांत भारी घ्यावे, कारण भक्कमपणा जास्त झाला म्हणून कोणाचे बिघडले आहे? इतके सोपे आणि इतके समाधान देणारे मत खोडायला बसले की ऐकणाऱ्याला आधी कंटाळा येतो. पण लडाख-स्पितीला निघालेल्या, छतावर तंबू आणि मागे पाण्याचे कॅन लादलेल्या गाड्यांची संख्या दर उन्हाळ्यात वाढते आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची मागची सस्पेन्शन याच मतावर निवडलेली असते. हे मत चुकीचे आहे, आणि त्या चुकीची किंमत घाटाच्या उतारावर गाडीतल्या माणसांना आणि समोरून येणाऱ्यांनाही मोजावी लागते. म्हणून ते नीट खोडले पाहिजे.

पहिली चूक निदानातच आहे. गाडीचे बसणे हा रोग नाही, ती खूण आहे. लोड जमिनीपर्यंत पोहोचतो तो एका साखळीतून. चासीची लांब पट्टी, तिच्यावरचे हँगर आणि शॅकल, मग पाटे किंवा कॉइल, त्याखाली ॲक्सलचे हाऊसिंग, बेअरिंग, रिम, टायर, आणि हे सगळे वजन वेगात असताना थांबवण्याची जबाबदारी असलेले ब्रेक. आरसीवर छापलेली एकूण वजनाची मर्यादा या साखळीतल्या सगळ्यांत नाजूक कडीवरून ठरते. ती कडी स्प्रिंगच आहे, असे कोणी सांगितले? या साखळीत लोड वाढल्याचे डोळ्यांना दिसेल असे सांगणारी स्प्रिंग एकटीच असते. हाऊसिंग वाकण्याआधी कुरकुरत नाही. बेअरिंग तापते ते ड्रमच्या आत. टायरच्या कडेच्या भिंतीत साठणारी उष्णता बाहेरून दिसत नाही. पाटे वाढवल्यावर जे घडते ते एवढेच, की जी कडी बोलत होती तिचे तोंड बंद होते आणि बाकीच्या कड्यांवर तेवढाच लोड मुकाट्याने चालू राहतो. टायरच्या बाजूवरचा आकडा वाचायचे कष्ट किती जण घेतात? तिथे 110 लिहिले असेल तर तो टायर, ठरलेल्या हवेवर, 1,060 किलो पेलतो. मागचे दोन मिळून 2,120. पाटे सहाचे दहा केले तरी या आकड्यात एका किलोचीही भर पडत नाही.

आणि ही मर्यादा वाटते त्यापेक्षा फार लवकर संपते. मारुतीच्या पाच दारांच्या जिमनीचे रिकामे वजन 1,200 किलोच्या आसपास आहे आणि कंपनीने दिलेली एकूण मर्यादा 1,545 किलो. हातात राहतात साडेतीनशे किलोसुद्धा नाहीत. सत्तर किलोची चार माणसे बसली की 280 गेले. उरलेल्या जागेत छतावर मावणारा तंबू, जो साधारण पन्नास ते सत्तर किलोंचा असतो, चढवला की हिशेब बंद. अजून रॅकचे लोखंड आले नाही, फ्रिज आला नाही, दुसरी बॅटरी, पाणी, डबे, हत्यारांची पेटी, कपड्यांच्या बॅगा, काहीच आले नाही. अशी गाडी मागून बसली म्हणून जाड कॉइल घालणारा माणूस नेमके काय दुरुस्त करतो आहे? त्याच्या गाडीला जो प्रश्न पडला आहे तो वजनाचा आहे, आणि त्याने उत्तर दिले आहे ते उंचीचे.

वजन किती यापेक्षाही ते कुठे ठेवले आहे हा प्रश्न मोठा आहे, आणि नेमका तोच विचारला जात नाही. बैलगाडी हाकणाऱ्याला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: ओझे आखाच्या मागे गेले की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेवरचा ताबा सुटतो. डिझेलच्या गाडीलाही तोच हिशेब लागू पडतो, फक्त इथे उचलली जातात ती वळवणारी पुढची चाके. मागच्या ॲक्सलपासून पुढच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर तीन मीटर धरा, जे हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपमध्ये साधारण तेवढेच असते. आता जाड लोखंडी मागचा बंपर, त्यावर बिजागरीला लटकवलेले स्टेपनी आणि इंधनाचे दोन कॅन, असे शंभर किलो मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागे टांगा. तरफेच्या साध्या नियमाने मागच्या ॲक्सलवर शंभर नव्हे, 140 किलो वाढतात, आणि पुढच्या ॲक्सलवरून 40 किलो निघून जातात. वळवणारी आणि ब्रेक लागल्यावर सर्वांत जास्त काम करणारी पुढची चाके हलकी झाली. पाटे वाढवून बूड समपातळीत आणले तरी हे 40 किलो पुढे परत येत नाहीत. उंची सुधारते, वजनाची वाटणी तशीच राहते. उलट गाडी बाहेरून सरळ दिसते म्हणून चालवणाऱ्याला वाटते की आता सगळे ठीक आहे. पावसातल्या माळशेजच्या वळणावर ओल्या डांबराला पुढच्या टायरची पकड किती मिळेल, ते गाडी बाहेरून कशी दिसते यावर ठरत नाही. तेच शंभर किलो मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, ॲक्सलच्या पुढे ठेवले असते तर अर्धा प्रश्न एक रुपया खर्च न करता सुटला असता.

आता पाटे वाढवण्याच्या प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. सात मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला तर फरक एका मिलिमीटरचा दिसतो, पण तो पाटा जवळजवळ दीडपट ताठ झालेला असतो. शिवाय एकाच कमानीत वाकताना सगळ्या पाट्यांना सारखेच वळावे लागते, आणि सारखे वळताना जाड पाट्यात ताण जास्त येतो. म्हणून बारीक पाट्यांमध्ये घुसवलेला एक जाड पाटाच बहुधा आधी तुटतो, आणि मग "माल हलका निघाला" म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. त्यात तो पाटा भंगारातल्या ट्रकचा असेल, गॅसने कापून मापाला आणला असेल आणि पुन्हा कमान देताना नुसता ठोकला किंवा तापवला असेल, तर स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात कडक करून आणि पुन्हा तापवून जो गुण दिलेला असतो तो कापलेल्या-तापलेल्या जागी राहिलेलाच नसतो. अनुभवी पाटेवाल्याला हे सगळे माहीत असते. त्याच्या हातात कसब नाही असे मी म्हणत नाही. त्याला गिऱ्हाईक जे मागते ते तो करतो, आणि गिऱ्हाईक मागते ती उंची. किती वजन, कुठे, कायमचे की अधूनमधून, या तीन प्रश्नांची उत्तरे घेऊन दुकानात येणारा माणूस विरळा.

पाट्यांवरून जे पुढे गेले आहेत ते हवेच्या बॅगांवर जाऊन थांबतात. बॅगेची बाजू ऐकायला पटते: लोड असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा सोडा, म्हणजे रिकामी गाडी मऊ आणि भरलेली ताठ. कॉइलच्या गाड्यांपुरते यात तथ्य आहे. फॉर्च्युनर, गुरखा, नवी थार, जिमनी या गाड्यांत मागे कॉइल आहे, बॅग कॉइलच्या आत बसते, आणि बॅगेतून जाणारा लोड चासीच्या त्याच जागेवर पडतो जी जागा कॉइलचा लोड घेण्यासाठीच बनवलेली आहे. पण हायलक्स, व्ही-क्रॉस, बोलेरो कॅम्पर यांच्या मागे पाटे आहेत. पाटा चासीला दोन टोकांना धरतो, पुढे एक आणि मागे एक, आणि त्या दोन टोकांमध्ये मीटरभराहून जास्त अंतर असते. गाडी बनवणाऱ्याने चासीची पट्टी त्या दोन जागांवर लोड घेईल अशी आखली. बॅग मात्र ॲक्सलच्या डोक्यावर, त्या दोन टोकांच्या मधोमध बसते. तिच्यात हवा जितकी जास्त, तितका लोड दोन टोकांवरून निघून मधल्या एका बिंदूवर येतो. आता त्या बिंदूच्या मागे लांब लटकणारा लोखंडी बंपर आणि कदाचित ओढायचा ट्रेलर जोडा, आणि खड्ड्यात एक जोरदार आदळा बसू द्या. पट्टी कुठे वाकेल? बरोबर बॅगेच्या वर. ऑस्ट्रेलियात, जिथे अशा पिकअपवर तंबू, पाणी आणि मागे कॅरॅव्हॅन लादून हजारो किलोमीटर जाण्याची रीत आहे, मागच्या चाकांवर वाकलेल्या चासी ही ओळखीची गोष्ट आहे. शिवाय अनेक किटांमध्ये बॅग बसवण्यासाठी मूळचा रबरी बंप स्टॉप काढावा किंवा कापावा लागतो. हवेची नळी सायलेन्सरजवळ वितळली किंवा दगडाने कापली गेली की ना बॅग उरली, ना बंप स्टॉप. फॉर्च्युनर आणि हायलक्स या एकाच घराण्यातल्या गाड्या आहेत, एकाच आयएमव्ही आराखड्यावरच्या. तरीही एकीला चालणारे किट दुसरीच्या मुळावर येऊ शकते, आणि कारण फक्त मागे कॉइल आहे की पाटा एवढेच. मग "बॅग टाका, सगळ्या गाड्यांना चालते" असे सांगणाऱ्याने गाडीखाली वाकून पाहिले आहे, हे कसे मानायचे?

या सगळ्या चर्चेत शॉकअपचे नाव निघतच नाही, आणि मला सर्वांत जास्त चीड याची येते. स्प्रिंग वजन धरते. उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. स्प्रिंग जितकी ताठ, तितकी ती दबल्यावर जोराने परत फिरते, आणि तो परतीचा धक्का जिरवायला तितका समर्थ शॉकअप लागतो. स्प्रिंगचा ताठपणा दीडपट केला आणि शॉकअप मूळचाच ठेवला, तर फक्त आधीइतकाच आवर राखायलासुद्धा शॉकअपची ताकद वीस टक्क्यांहून जास्त वाढवायला हवी होती, आणि हा हिशेब वाढलेल्या वजनाचा विचार न करता आहे. ती वाढवली नाही म्हणून मागचा भाग खड्ड्यानंतर एकदा थांबायच्या ऐवजी दोन-तीन वेळा डुलतो, आणि प्रत्येक डुलण्यात टायरवरचे वजन कमी-जास्त होते. त्यात स्पितीसारख्या ठिकाणी नालीदार पत्र्यासारखे आडवे उंचवटे असलेला कच्चा रस्ता तासन्‌तास चालतो. शॉकअप हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलतो; ती उष्णता बाहेर गेली नाही तर आतले तेल पातळ होते, त्यात फेस धरतो, आणि शॉकअप हात टेकतो. जाड नळीचा, जास्त तेलाचा, नायट्रोजन भरलेला किंवा बाहेर वेगळी टाकी असलेला शॉकअप महाग पडतो तो याच कारणासाठी. पण हजारो रुपये स्प्रिंगवर खर्च करणारे बहुतेक लोक "शॉकअप अजून गळत नाही" म्हणून जुनाच ठेवतात. न गळणे ही शॉकअपच्या योग्यतेची कसोटी कधीपासून झाली?

आता त्या शेवटच्या विधानाकडे, की भक्कमपणा जास्त झाला तर नुकसान कसले. नुकसान ठोस आहे आणि ते मोजता येते. लोडखाली स्प्रिंग दहा सेंटीमीटर दबत असेल तर गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण दीड वेळा वरखाली होतो, जे माणसाच्या अंगाला सोसते. स्प्रिंग इतकी ताठ केली की नेहमीच्या वजनाखाली ती चारच सेंटीमीटर दबते, तर तो आकडा अडीचवर जातो. मग गाडी दगडावर चालल्यासारखी आदळते, सामान उडते, मागे बसलेल्यांची कंबर जाते, आणि नालीदार कच्च्या रस्त्यावर मागची चाके पुन्हा पुन्हा जमीन सोडतात. रस्ता सोडून खडकाळ वाटेवर उतरले की नुकसान आणखी उघड होते. फोर बाय फोर गाडीचा खरा गुण चाक खाली-वर जाऊन जमीन शोधते हा आहे. जास्त ताठ केलेला मागचा ॲक्सल कलत नाही, एक चाक हवेत लटकते आणि रिकामे फिरते, आणि ज्या कामासाठी चार चाकांना ताकद देणारी गाडी घेतली त्या कामातच ती अडकते. पुढची स्प्रिंग मूळची मऊ आणि मागची एकदम ताठ अशी जोडी झाली की वळणावर कलण्याचा जास्त भार मागचे टायर उचलतात आणि लोड उतरवल्यावर, ओल्या रस्त्यावर, गाडीची शेपूट आधी सुटते.

ब्रेकची गोष्ट तर याहून गंभीर आहे. कित्येक पिकअपमध्ये, विशेषतः जुन्या, मागच्या ब्रेकचा दाब लोडप्रमाणे कमी-जास्त करणारी झडप असते. तिचा एक दांडा ॲक्सलला जोडलेला असतो. चासी आणि ॲक्सल यांतले अंतर कमी झाले की तिला कळते लोड भरला, आणि ती मागच्या ब्रेकला जास्त दाब देते. पाटे वाढवून बूड वर उचलले की हे अंतर पुन्हा वाढते. झडपेच्या हिशेबाने गाडी रिकामी झाली. म्हणजे गाडीत आठशे किलो भरलेले, उतार घाटाचा, आणि मागचे ब्रेक रिकाम्या गाडीचे. झडपेचा दांडा नव्या उंचीप्रमाणे पुन्हा जुळवता येतो, जुळवलाच पाहिजे, पण पाटे वाढवून गाडी बाहेर काढताना हे काम आठवणीने करणारी वर्कशॉप किती आहेत? आणि गिऱ्हाईक तरी कुठे विचारतो? त्याला बूड वर आलेले दिसले, तो खूश होऊन निघून गेला.

या सगळ्यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे: आमच्याकडच्या पिकअप वर्षानुवर्षे दुप्पट माल भरून बाजार समितीत येतात, पाटे वाढवलेल्या, आणि त्यांना काही होत नाही. या उत्तराला मी हलके मानत नाही, कारण ते डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभे आहे. पण डोळ्यांना दिसतात त्या रस्त्यावर असलेल्या पिकअप. ज्यांचे हाऊसिंग वाकले, ज्यांच्या चासीला दोनदा पट्ट्या मारून वेल्डिंग झाले, ज्यांचे बेअरिंग वर्षातून दोनदा जाते, त्या गॅरेजच्या मागच्या आवारात असतात आणि त्यांचा दाखला कोणी देत नाही. लोखंड एका फेरीत तुटत नाही, ते थकून तुटते. वेल्ड केलेल्या पोलादी सांध्यांसाठी अभियंते जो ढोबळ नियम वापरतात त्याप्रमाणे ताण दीडपट झाला तर सांध्याचे आयुष्य एक तृतीयांशाच्याही खाली जाते. म्हणजे काही होत नाही हे वाक्य ज्या दिवशी उच्चारले जाते त्या दिवशी खरेच असते. शिवाय बाजाराला माल नेणारी पिकअप बहुधा ओळखीच्या रस्त्यावर, कमी वेगात, घरापासून शंभर किलोमीटरच्या आत असते. तिचा मालक तो धोका धंद्याचा भाग म्हणून जाणूनबुजून घेतो. कुटुंबाला घेऊन 4,500 मीटर उंचीच्या खिंडीतून जाणाऱ्या माणसाने तोच धोका नकळत का घ्यावा?

दुसरे उत्तर यापेक्षा दमदार आहे, आणि त्यातले जे खरे आहे ते मी मान्य करतो. कंपन्या आता पिकअपसुद्धा शहरात मिरवण्यासाठी विकतात आणि मागची स्प्रिंग रिकाम्या गाडीच्या सोयीने मऊ करतात. अशा गाडीवर कायमचा कॅनोपी, ड्रॉवर आणि दुसरी टाकी बसवली, तर मूळची स्प्रिंग कायमच अर्धी दबलेली राहील आणि खड्ड्यासाठी तिच्याकडे हालचालच उरणार नाही. इथे त्या कायमच्या वजनाला जुळणारी नवी स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप घालणे बरोबरच आहे. पण एवढ्याने मूळ मत सिद्ध होत नाही, उलट खोडले जाते. कारण इथे स्प्रिंग निवडली जाते ती गाडीत नेहमी असणाऱ्या वजनावर. वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वांत जड फेरीवर ती निवडलेली नसते, आणि ते नेहमीचे वजनही मर्यादेच्या आतलेच असते. एआरबीच्या ओल्ड मॅन इमूसारख्या स्प्रिंग कायमच्या लोडच्या वेगवेगळ्या टप्प्यांप्रमाणे वेगळ्या विकल्या जातात, ते याचमुळे. तिथे वरच्या टप्प्याची स्प्रिंग जास्त चांगली नसते, ती फक्त जास्त वजनाची असते.

ऑस्ट्रेलियाचे नाव घेऊन जे भारी किट विकतात त्यांनी ऑस्ट्रेलियाची दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप बदलून गाडीची एकूण मर्यादा कायदेशीरपणे वाढवता येते, पण ती चाचण्या झालेल्या ठरावीक संचाने, प्रमाणपत्र घेऊन आणि नवा आकडा गाडीच्या नावावर नोंदवून. वाढ होते ती त्या प्रमाणपत्रामुळे, आणि तीसुद्धा ॲक्सल आणि टायर जितके परवानगी देतील तितकीच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मालकाला कंपनीच्या मूळ तपशिलांपासून आरसी वेगळी पडेल असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम तितक्याच कडकपणे वाचले. म्हणजे इथल्या वर्कशॉपने कितीही भारी पाटे घातले तरी आरसीवरचा भारासहित वजनाचा आकडा होता तोच राहतो. ऑस्ट्रेलियातून किट आणले, आणि त्या किटाला जो आकडा अर्थ देतो तो मात्र तिथेच राहिला.

मग निवड करायची कशी? सुरुवात वजनकाट्यापासून. टाकी भरलेली, पाणी भरलेले, सगळी माणसे आणि सगळे सामान गाडीत, आणि मग साखर कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर तीन वजने: फक्त पुढची चाके काट्यावर, फक्त मागची चाके, आणि पूर्ण गाडी. त्याआधी रिकाम्या गाडीचे आणि नंतर भरलेल्या गाडीचे, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे चारही कोपऱ्यांचे माप. या कामाला किरकोळ पैसे आणि एक सकाळ लागते. वजन मर्यादेत असेल आणि बसणे चार-पाच सेंटीमीटरचे असेल, तर बहुधा काहीही बदलायची गरज नाही. जुन्या गाडीत थकलेल्या पाट्यांच्या जागी कंपनीचेच नवे पाटे आणि नवे बुश पुरतात. मर्यादेतलेच पण कायमचे जास्त वजन असेल तर त्या वजनाची स्प्रिंग, तिच्या जोडीचा शॉकअप, ब्रेकच्या झडपेची जुळणी आणि हेडलाइटची पातळी, हे सगळे एकाच वेळी. अधूनमधूनचे वजन असेल आणि मागे कॉइल असेल तर कमी दाबावरची बॅग. मागे पाटे असतील तर लोड आल्यावरच टेकणारा, त्या गाडीसाठी आखलेला मदतीचा पाटा. आणि ज्या वर्कशॉपमध्ये काट्याची पावती न बघता किट सुचवले जाते, तिथून गाडी परत काढावी, मग ते कितीही नामांकित असो.

मागच्या ॲक्सलचा किंवा एकूण वजनाचा आकडा मर्यादेच्या वर निघाला, तर सस्पेन्शनच्या बाजारात त्यावर कोणतेही उत्तर विकत मिळत नाही. ना पाटा, ना कॉइल, ना बॅग, ना सगळ्यांत महागडा शॉकअप. त्या वेळी रॅक उतरवावा, दुसरे स्टेपनी घरी ठेवावे, पाणी वाटेत भरावे, एक माणूस दुसऱ्या गाडीत बसवावा, किंवा हे सगळे नकोच असेल तर जास्त मर्यादेची गाडी घ्यावी. कायद्यानेही याच्यापेक्षा वेगळे काही सांगितलेले नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 194 मध्ये जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, पण त्यातली खरी महत्त्वाची तरतूद दंडाच्या पुढे आहे: जादा भार उतरवेपर्यंत ती गाडी जागची हलवू द्यायची नाही.